खुलासा : 'इमेज'मधला आवाज पुरुषाचा नाही, खाली उतरवलेलाही नाही

बेल्जियमच्या लिम्बुर्ख प्रांतातल्या व्हिस्परिंग सन्स या न्यू वेव्ह (पंकनंतर आलेली रॉकची एक शैली) बँडबद्दल दोन समजुती फिरत आहेत. एक, २०१५ चा 'एंडलेस पार्टी' हा त्यांचा पहिला अल्बम. दोन, त्यांचा गायक पुरुष आहे, किंवा बाईचा आवाज यंत्राने खाली आणला आहे. दोन्ही चूक.

'एंडलेस पार्टी' ही ईपी आहे, म्हणजे पूर्ण अल्बमपेक्षा छोटी, मोजक्या गाण्यांची. २०१६ मध्ये बँडने हुमो रॉक रॅली ही स्पर्धा जिंकली आणि पहिला पूर्ण अल्बम 'इमेज' ऑक्टोबर २०१८ मध्ये आला.

गाते ती फेने कुपेन्स. तिचा आवाज मुळातच खर्जाकडे झुकणारा आहे, मैफलीतही तसाच लागतो, आणि या बँडचं खरं बळ तेच आहे.

आवाज उतरवल्याची शंका असेल तर आधी रेकॉर्ड प्लेयरचा वेग बघा. मिनिटाला ४५ फेऱ्यांची तबकडी ३३⅓ फेऱ्यांवर लावली, तर सगळं ७४ टक्के वेगाने वाजतं: मूळ षड्ज मंद्र पंचमाच्याही किंचित खाली जातो आणि मिनिटाला १५० ठोक्यांची लय १११ वर येते. मग ड्रम जड वाटतात, झांजांची किणकिण बोथट होते. लय कायम ठेवून सॉफ्टवेअरने फक्त आवाज पाच अर्धस्वर उतरवला, तर 'स', 'श' मऊ पडतात आणि स्वर घशात अडकल्यासारखे येतात. 'इमेज'मध्ये शब्द धारदार आहेत, झांजा स्वच्छ आहेत.