टीसी आलं, पण नग त्याच हीटचा आहे का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. पाइप-फिटिंगचा माल उतरवून घेताना टेस्ट सर्टिफिकेट (टीसी, म्हणजे धातूच्या तपासणीचा मिलने दिलेला दाखला) कसं ताडून बघावं, या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत: "मिलचं टीसी आहे, शिक्का आहे, तरी गन लावायची म्हणजे सप्लायरवर अविश्वास. मकरपुरा जीआयडीसीतल्या (वडोदऱ्याची औद्योगिक वसाहत) छोट्या फॅब्रिकेटरला हे परवडत नाही." (गन म्हणजे धातूत कुठली मूलद्रव्यं किती आहेत ते दाखवणारं हातातलं एक्सआरएफ यंत्र.) खर्चाचं म्हणणं रास्त आहे, त्याकडे येतोच. अविश्वासाचं मात्र मला मुळीच पटलं नाही.

टीसी हीटबद्दल, म्हणजे भट्टीतून एका वेळी ओतलेल्या धातूच्या घाण्याबद्दल सांगतं, तुमच्या हातातल्या एल्बोबद्दल (पाइपला वळण देणाऱ्या जोडाबद्दल) नाही. तो एल्बो त्याच हीटचा आहे, हे फक्त त्याच्यावरचा हीट नंबर सांगतो. आणि मिलपासून आपल्या गेटपर्यंत मध्ये ट्रेडरचं गोडाउन येतं, कटिंग येतं, रंग येतो. सहा मीटरचा पाइप कापला की स्टेन्सिल, म्हणजे रंगाने छापलेला नंबर, एका तुकड्याबरोबर निघून जातं, उरलेला तुकडा निनावी. म्हणून कापण्याआधी नंबर दुसऱ्या बाजूला पंच करून घ्यायचा. फ्लँजच्या (पाइपच्या टोकाच्या बोल्ट लावायच्या चकतीच्या) कडेवर ठोकलेला नंबर तर रंगाखाली असा बुजतो, की ३ आहे की ८ हे वायर ब्रश मारल्याशिवाय कळत नाही. यात कुणीच लबाड नसतं, तरी माल बदलतो.

२००५ मधली टेक्सास सिटीच्या बीपी रिफायनरीची गोष्ट घ्या. मार्चमधला मोठा स्फोट नव्हे, जुलैमधली आग. मेंटेनन्ससाठी काढलेले एल्बो परत बसवताना अलॉय स्टीलच्या (क्रोमियमसारखे धातू मिसळलेल्या पोलादाच्या) एल्बोच्या जागी साध्या कार्बन स्टीलचा बसला. माप तेच, दिसायलाही तसाच. गरम हायड्रोजनने काही महिन्यांत तो आतून पोखरला आणि फुटला. वडोदऱ्याजवळच्या कोयली-नंदेसरीच्या रिफायनरी-रसायन पट्ट्यात आपल्या ओळखीची माणसं रोज अशाच लाइनींखालून ये-जा करतात, म्हणून मी याबाबत हट्टी आहे.

आता खर्च. सगळ्या मालाला गन लावा असं मी म्हणतच नाही. ए१०६ ग्रेड बी या साध्या कार्बन स्टीलच्या पाइपला हीट नंबर नीट जुळवून टीसीवरचे आकडे स्पेसिफिकेशनशी ताडले, तर बहुतेक वेळा पुरे. पी११, पी२२ या अलॉय स्टीलच्या पाइपला आणि त्यांच्या फिटिंगला मात्र नगोनग गन हवीच. पी११ मध्ये क्रोमियम १ ते १.५ टक्के, पी२२ मध्ये १.९ ते २.६, डोळ्यांना काहीही कळत नाही, गनला काही सेकंदांत कळतं. गन विकत घेऊ नका, एजन्सीचा माणूस बोलवा आणि अलॉयचा माल साठवून एकाच दिवशी तपासून घ्या. एक ध्यानात ठेवा, एक्सआरएफ गन कार्बन दाखवत नाही. ३०४ आणि ३०४एल या स्टेनलेस स्टीलांतला फरकच कार्बनचा, तेव्हा तिथे "गन ओके" लिहून काही सिद्ध होत नाही. ठिणगी पाडून कार्बनही मोजणाऱ्या ओईएससारख्या मशीनवर तपासून घ्यावं लागतं.

शिक्क्याबद्दलही. ३.१ टीसीवर (ईएन १०२०४ या मानकातल्या ३.१ प्रकारच्या दाखल्यावर) सही उत्पादक कंपनीच्याच, पण उत्पादन विभागाच्या हाताखाली नसलेल्या माणसाची लागते. ट्रेडर त्याची प्रत देऊ शकतो, त्यात बदल करू शकत नाही. त्याने स्वतःच्या लेटरहेडवर आकडे उतरवून दिले, तर तो कागद ३.१ नव्हे, मग गोल शिक्के कितीही असोत.

"माल परत केला की ट्रेडर भांडतो," हे तुमचं शेवटचं वाक्य. पीओवरच (खरेदीच्या ऑर्डरवरच) लिहा: प्रत्येक नगावर वाचता येणारा हीट नंबर, मूळ उत्पादकाचं ३.१ टीसी, आणि अलॉयचा माल गनच्या तपासणीनंतरच स्वीकारला जाईल. ट्रेडरने त्यावर ऑर्डर घेतली की पुढे बोलायला तुमच्या हातात कागद राहतो.