नव्वद टक्क्यांवर फी माफ? फिरणाऱ्या मेसेजचा हिशेब

बारावीचा निकाल लागला की जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या क्लासच्या आणि भाऊबंदकीच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. शब्द इकडचे तिकडे होतात, मजकूर तोच: "बारावीला ९० टक्क्यांच्या वर आहात? मग फी कशाला भरता? नामांकित खासगी विद्यापीठांत गॅरंटीड मेरिट स्कॉलरशिप, १०० टक्क्यांपर्यंत. सीईटी-कॅपच्या भानगडीत पडू नका. सरकारी स्कॉलरशिप ओपनवाल्यांना मिळतच नाही. खानदेशात राहून हुशार मुलांचं नुकसान होतं. जागा मोजक्याच, आजच सीट बुक करा."

पालकांना तो पटतो, कारण घरात आधीपासून तेच बोलणं चाललेलं असतं. पोऱ्या हुशार शे, मंग पैसा कसाले? प्रश्न रास्त आहे. मेसेजनं दिलेलं उत्तर मात्र खिशाला भारी पडणारं आहे. एकेक दावा घेऊ.

पहिला दावा गॅरंटीचा. मार्कांवर थेट, ठरलेली रक्कम देणारी विद्यापीठं जगात आहेत. अमेरिकेतलं अलाबामा विद्यापीठ शाळेतली ग्रेड आणि सॅट किंवा एसीटी या प्रवेश परीक्षांचे गुण यांचा तक्ताच जाहीर करतं. तुम्ही ज्या रकान्यात बसता, त्यासमोरची रक्कम तुमची. (त्याच देशात हार्वर्ड-प्रिन्स्टन मार्कांसाठी छदामही देत नाहीत. तिथली मदत घरची ऐपत बघून मिळते.) गॅरंटी म्हणायचं तर एवढं हवं: तक्ता छापलेला, रक्कम लिहिलेली, किती वर्षं मिळणार ते लिहिलेलं, आणि कुणा साहेबाच्या मर्जीला जागा नाही. मेसेज पाठवणाऱ्याकडे असा तक्ता मागून बघा. "सर, तुम्ही आधी कॅम्पस बघायला या" हे उत्तर येईल.

चोपड्याकडच्या एका पालकांनी मला असंच एक ऑफर लेटर वाचायला दिलं होतं. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत अभिनंदन आणि ट्यूशन फीवर ५० टक्के सवलत. दुसऱ्या पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत अटी. सवलत पहिल्या वर्षापुरती. पुढे चालू ठेवायची तर सीजीपीए (दहापैकी सरासरी गुणांक) ८.५ च्या वर हवा, एकही विषय मागे राहायला नको. हॉस्टेल, मेस, परीक्षा आणि 'कौशल्य विकास' शुल्क वेगळं. योजनेत केव्हाही बदल करायचा अधिकार संस्थेचा. पालकांनी पहिल्या पानाचा फोटो काढून नातेवाइकांना पाठवला होता. दुसरं पान उलटलंच नव्हतं.

आता आकडे मांडू. समजा ट्यूशन फी वर्षाला ३ लाख आहे. अर्धी माफ झाली तर दीड लाख, म्हणजे चार वर्षांचे ६ लाख, असा घरचा हिशेब. पहिल्याच वर्षी सीजीपीए ८.२ आला. मराठी माध्यमातून गेलेल्या, पहिल्यांदा घर सोडलेल्या मुलाला हे काही वाईट मार्क नव्हेत, पण सवलत गेली. मग दीड अधिक तीन वेळा तीन, एकूण साडेदहा लाख. हॉस्टेल-मेस यात धरलेलंच नाही. दुसऱ्या वर्षी कॉलेज सोडावं तर एक वर्ष आणि भरलेले पैसे दोन्ही पाण्यात, म्हणून बाप कर्ज काढतो. कापसाला किंवा केळीला त्या वर्षी भाव किती, हे ऑफर लेटरला ठाऊक नसतं.

"कॅपच्या भानगडीत पडू नका." कॅप म्हणजे सरकारची केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया. सगळ्यात महाग सल्ला हाच, म्हणून इथं जरा थांबू.

अभियांत्रिकीची कॅप गुणवत्ता यादी एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या पर्सेंटाइलवर लागते. बारावीचे ९० टक्के तिथं पात्रतेपुरते. त्यामुळे बारावी चांगली पण सीईटी कमी पडलेल्या मुलाला कॅप नकोशी वाटते आणि मेसेज नेमका त्याच्यावर नेम धरतो. पण पैशाची खरी हमी ज्या योजनांत आहे, त्यांचं दार कॅपमधूनच उघडतं. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओपनच्या मुलाची अर्धी ट्यूशन फी सरकार भरतं. मुलींसाठी तर ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय आहे. ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी प्रवर्गातली मुलगी, घरचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत आणि प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला, एवढं जुळलं की ट्यूशन फी आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. तिला ९० टक्के हवेत असं त्यात कुठंही लिहिलेलं नाही.

आणि मेसेज जे सांगत नाही ते हे: खासगी आणि अभिमत विद्यापीठांतल्या प्रवेशाला या दोन्ही योजना लागू नाहीत. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्या प्रवेशालाही नाहीत. म्हणजे यावलच्या ओबीसी मुलीनं ५० टक्के सवलतीच्या आनंदात कॅप सोडली, तर ती अर्ध्या माफीसाठी पूर्ण माफी सोडून आली. शिवाय ती अर्धी माफीही कशाची अर्धी? कॅपमधल्या खासगी विनाअनुदानित कॉलेजाची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, खासगी विद्यापीठ आपली आपण ठरवतं. आधी आकडा चढवायचा आणि मग त्यावर सूट द्यायची, हे आपण दिवाळीच्या सेलमध्ये बरोबर ओळखतो. प्रवेशाच्या वेळी का विसरतो, कोण जाणे.

कॅपमध्ये खऱ्या अर्थानं मेरिटची म्हणावी अशी एक सोय आहे, तिचं नाव टीएफडब्ल्यूएस, म्हणजे ट्यूशन फी माफी योजना. मंजूर जागांवर ५ टक्के जादा जागा, उत्पन्न ८ लाखांच्या आत, ट्यूशन फी पूर्ण माफ. त्यासाठी पर्याय भरताना त्या जागेचा वेगळा कोड टाकावा लागतो. सायबर कॅफेवाल्यानं घाईत साधाच कोड टाकला तर मुलगा कितीही हुशार असो, ती जागा त्याला मिळणार नाही. कटऑफ साधारणपणे त्याच शाखेच्या इतर जागांपेक्षा वर जातो. पण ज्याला खरंच चांगलं पर्सेंटाइल आहे, त्यानं यादीत हे कोड वर ठेवावेत. एकच लक्षात ठेवा, जागा त्या कॉलेजाशी आणि शाखेशी बांधलेली असते. नंतर बदली घ्यायचा विचार असेल तर हा रस्ता धरू नका.

यात सरकारची तारीफ करायचा हेतू नाही. महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा पैसा उशिरा येतो, पोर्टल ऐन वेळी अडतं, काही कॉलेजं "आधी पूर्ण भरा, आलं की परत देऊ" म्हणतात. डेव्हलपमेंट फी बहुतेकांना भरावीच लागते. राजर्षी शाहू योजनेचा लाभ एका कुटुंबात दोनच मुलांना, हीसुद्धा अट आहे. पण या अटी शासन निर्णयात छापलेल्या आहेत आणि त्या दाखवून भांडता येतं. "व्यवस्थापनाचा निर्णय अंतिम" या ओळीशी भांडता येत नाही.

ओपनवाल्यांना काहीच मिळत नाही, हा दावा वर शाहू योजना आणि टीएफडब्ल्यूएसनंच मोडला. त्यात दोन गोष्टींची भर घालतो. केंद्राची कॉलेज विद्यार्थ्यांसाठीची पीएम-यूएसपी शिष्यवृत्ती जात बघत नाही असं नाही, आरक्षण तिथंही आहे, पण ओपनची मुलं त्यात भरपूर बसतात. बारावीत आपल्या बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असणं आणि उत्पन्न साडेचार लाखांच्या आत, या मुख्य अटी. पदवीला वर्षाला १२,००० रुपये. देशभरात वर्षाला ८२,००० नव्या शिष्यवृत्त्या, म्हणजे पात्र ठरलेल्या प्रत्येकाला नाही. दुसरी शिष्यवृत्ती किंवा फीमाफी घेतली असेल तर ही मिळत नाही. तेव्हा आधी बेरीज करा, मोठी रक्कम कुठं पडते ते बघा आणि मगच अर्ज करा.

दुसरी इन्स्पायर, तीही केंद्राचीच शिष्यवृत्ती. बोर्डात वरच्या एक टक्क्यात असलेल्या आणि मूलभूत विज्ञानाला गेलेल्या मुलांसाठी वर्षाला ८०,००० रुपये. आपल्याकडे एक टक्क्यातलं पोर बीएस्सीला गेलं की गावभर हळहळ. अमळनेरच्या प्रताप कॉलेजात किंवा जळगावच्या एम. जे. कॉलेजात गणित-भौतिकशास्त्र घेणाऱ्या अशा मुलाची फी आणि राहणं-खाणं यातून निघून वर पैसे उरू शकतात, हे हळहळणाऱ्यांना सांगावंसं वाटतं. निवड मर्यादित आहे, आणि पुढच्या वर्षी इंजिनिअरिंगला उडी मारली की पैसा बंद.

"खानदेशात राहून नुकसान होतं." कुणाचं? ज्याला पुण्याला सीओईपी किंवा मुंबईला व्हीजेटीआय मिळतंय त्यानं बॅग भरावी, दुमत नाही. तेही कॅपमधूनच मिळतं. पण ज्याच्या समोर एकीकडे जळगावचं १९९६ पासूनचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय किंवा शिरपूरचं आर. सी. पटेल आहे आणि दुसरीकडे परराज्यातलं कालपरवा निघालेलं चकचकीत विद्यापीठ, त्यानं काचेच्या इमारतीपेक्षा शाखा, मागच्या वर्षीच्या नोकऱ्यांची यादी आणि चार वर्षांचा एकूण खर्च बघावा. घरून डबा आणि एसटीचा पास हीसुद्धा शिष्यवृत्तीच आहे, फक्त तिच्यावर कुणाची सही नसते.

राहिलं सीट बुकिंग. "आज १०,००० भरा, नाहीतर स्कॉलरशिपचा स्लॅब बदलेल" असा फोन येतो, बहुतेक रविवारी. पैसे भरायचेच असतील तर संस्थेच्या खात्यावर भरा आणि पावती घ्या, एजंटच्या फोनपेवर नको. शाळा सोडल्याचा दाखला आणि मूळ गुणपत्रक कुणालाही ठेवून घेऊ देऊ नका. संस्थांनी मूळ कागदपत्रं ताब्यात ठेवू नयेत, असं यूजीसीनं २०१८ मध्येच लेखी बजावलं आहे. पडताळून परत द्यायची, एवढंच. कित्येक पोरं कॅपमध्ये चांगलं कॉलेज लागूनही केवळ टीसी अडकल्यामुळे जाऊ शकत नाहीत, आणि एजंटला हे पक्कं माहीत असतं.

फोन करणाऱ्याला तीन गोष्टी संस्थेच्या ईमेलवरून लिहून मागा: चारही वर्षांची सगळ्या शुल्कांसह रक्कम, सवलत टिकवण्याची अट, आणि मागच्या वर्षी प्रवेश घेतलेल्यांपैकी दुसऱ्या वर्षी किती जणांची सवलत टिकली. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर येईपर्यंत तहसीलच्या उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज सेतू केंद्रात टाकून या. त्याला आठवडा-पंधरवडा लागतो. सोबत डोमिसाईल, लागू असेल तर नॉन-क्रीमीलेअर आणि जात पडताळणी, आणि मुलाचं बँक खातं आधारशी जोडलेलं आहे ना तेही बघून घ्या. महाडीबीटीचे अर्ज सुरू झाल्यावर या रांगा दुप्पट होतात.