नवा सिंथ बनवा म्हणता, पण पट्ट्या कुठून आणणार?

गेल्या काही आठवड्यांत आमच्या भागातल्या कीबोर्डवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: जुन्या सिंथेसायझरमध्ये (सिंथ, म्हणजे विजेवर आवाज तयार करणारा कीबोर्ड) फेरफार करण्यात पैसे घालू नका, तेवढ्यात घरी नवा तयार होतो. जुन्याचे पार्ट मिळत नाहीत. हात लावला की त्याची किंमत जाते. आणि शिकायचंच असेल तर कोऱ्या पीसीबीपासून, म्हणजे पार्ट बसवायच्या रिकाम्या सर्किट-बोर्डापासून शिका. लातुरात मी बरीच वर्षं कीबोर्ड, ऑक्टापॅड आणि अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करतोय. जुन्यात फेरफार केलाय, नवाही बनवून पाहिलाय. म्हणून हे उत्तर लिहायचा उद्योग.

आधी खर्चाचं बघू. मजकुरात आयसी, रेझिस्टर, कपॅसिटर आणि झिरो पीसीबी अशी यादी दिलीय. यादीत चूक नाही, फक्त तिच्यात वाद्य नाही. पट्ट्या कुठून आणणार? चार सप्तकांना ४९ पट्ट्या लागतात. प्रत्येकीखाली स्प्रिंग, कार्बनचा रबर आणि दाबल्यावर सारखाच लागणारा कॉन्टॅक्ट. हे घरी कुणी बनवत नाही, सगळे एखादा मेलेला कॅसिओ फोडून काढतात. म्हणजे नव्या सिंथचा मुहूर्तही जुना उघडूनच होतो! पुढे पत्र्याचा डबा, पॉवर सप्लाय, जॅक आणि डझनभर पॉट, म्हणजे नॉबखाली बसणारे फिरते रेझिस्टर. हैदराबादच्या कोटी बाजारात आयसी मिळतात, डबा मिळत नाही. तो फॅब्रिकेशनवाल्याकडून वाकवून घ्यावा लागतो, आणि एका नगासाठी तो मशीन लावायला तयार नसतो.

माझ्याकडे उदगीरच्या एका ऑर्केस्ट्रावाल्यानं माळ्यावर टाकलेला कॉर्ग पॉली-८०० आहे, १९८३ साली बाजारात आलेलं मॉडेल. पट्ट्या, डबा, जॉयस्टिक, ६४ आवाजांची मेमरी, सगळं जागेवर. त्याची खोड एवढीच की आठ स्वर एकदम वाजत असले तरी फिल्टर, म्हणजे आवाजाची धार कमी-जास्त करणारा भाग, सगळ्यांना मिळून एकच, आणि त्या फिल्टरला नॉब नाही. कटऑफ, म्हणजे फिल्टर कुठून कापायला लागतो ती जागा, बदलायचा तर बटण दाबून आकडा वरखाली करत बसा. वाजवता वाजवता ते कोण करणार? मी कटऑफ आणि रेझोनन्सला (त्या जागेवरचा आवाज उठवणारी सोय) एकेक पॉट जोडला. एका संध्याकाळचं काम. या वाद्यात लोक सगळ्यात जास्त हाच फेरफार करतात.

मजकुरातलं मला सगळ्यात खटकलेलं वाक्य म्हणजे ‘ऑसिलेटर तर दोन-चार ट्रान्झिस्टरचा खेळ’. ऑसिलेटर म्हणजे सिंथमधला सूर काढणारा भाग. खेळ खराच, पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो अंगाशी येतो. माझा पहिला घरचा ऑसिलेटर मी सकाळी हार्मोनियमशी जुळवला. खालचा सा, वरचा सा, दोन्ही चोख. एप्रिलचे दिवस, तालमीची खोली पत्र्याची. दुपारी गायकानं काळी दोनमध्ये उचललं आणि दुसऱ्याच ओळीला थांबून माझ्याकडं बघितलं, “मालक, ह्ये कुठं चाल्लंय?”

कारण साधं आहे. अशा ऑसिलेटरचा सूर व्होल्टेजवर वरखाली होतो: एका सप्तकाला एक व्होल्ट, म्हणजे एका अर्धस्वराला साधारण ८३ मिलिव्होल्ट. ट्रान्झिस्टरच्या बेसपर्यंत पोचताना मात्र अख्ख्या सप्तकाला जेमतेम १८ मिलिव्होल्ट उरतात. ट्रान्झिस्टरचं हे गणित तापमानावर चालतं आणि एका अंशाला ०.३३ टक्के सरकतं. २५ अंशांवर जुळवलेला ऑसिलेटर ४० अंशांवर नेला की सप्तक सुमारे पाच टक्क्यांनी आखडतं. सप्तकाचे १२०० सेंट धरले तर जवळपास ६० सेंट कमी, म्हणजे अर्धस्वराच्याही निम्म्याहून जास्त. खालचा सा पुन्हा जुळवून घेता येतो, वरचा तरीही बेसूर. यावर उपाय आहेत: तापमानाबरोबर बदलणारा खास रेझिस्टर, किंवा आतच ही सोय असलेली, ऑसिलेटरसाठीच बनवलेली ३३४० सारखी आयसी. पण मग ‘दोन-चार ट्रान्झिस्टर’ म्हणू नका. पॉली-८०० चे सूर एका क्लॉकचे, म्हणजे ठरावीक वेगानं ठोके देणाऱ्या सर्किटचे, ठोके भागून निघतात, पत्र्याखालीही ते जागचे हलत नाहीत.

‘पार्ट मिळत नाहीत’ हे अर्धं खरं. गंमत म्हणजे त्याच ३३४० चं उत्पादन मधली बरीच वर्षं बंद होतं, आता मूळ आयसी पुन्हा बनते आणि लॅटव्हियात बनलेली तिची नक्कलही मिळते. रोलंड ज्युनो-१०६ या जुन्या सिंथच्या हमखास जाणाऱ्या ८००१७ए चिपलाही पर्यायी चिप निघाल्यात. पॉली-८०० ची सूर काढणारी ओकीची एमएसएम५२३२ गेली तर मात्र जुना साठाच धुंडाळावा लागतो, हे कबूल. भीती बाळगायचीच तर बॅटरीची बाळगा. १९८१ च्या कॉर्ग पॉलिसिक्समध्ये मेमरीची निकेल-कॅडमियम बॅटरी गळते आणि खालच्या बोर्डाचे ट्रॅक खाऊन टाकते. जुना घेताना आवाज नंतर ऐका, आधी झाकण काढून बॅटरी बघा. आणि खास जपानच्या बाजारासाठीचा सेट असेल तर मागं १०० व्होल्ट लिहिलंय का तेही बघा. तो आपल्या २३० वर सरळ लावलात तर पुढचा वाद मिटलाच.

किंमत जाण्याचं म्हणाल तर कोणता सिंथ ते सांगा. १९७० सालचं मिनीमूग, लोक जपून ठेवतात असा सिंथ, कुणी माझ्या टेबलावर ठेवलं तर मी साफ करून, हात जोडून परत देईन. पॉली-८०० कुणी कपाटात जपत नाही. तरीही मी डब्याला भोक पाडलेलं नाही. नॉब छोट्या डबीत बसवलेत, तारा सांध्यातून बाहेर घेतल्यात, आणि काय कुठं जोडलंय तो कागद झाकणाच्या आतून चिकटवलाय. उद्या कुणाला नको असेल तर चार टाके सोडवायचे.

राहिलं शिकणं. कोऱ्या पीसीबीवर शिकायला मिळतं, नाकारत नाही. पण सर्किट डायग्राम समोर ठेवून, मीटर लावून, दुसऱ्यानं हा रेझिस्टर इथंच का घातला ते शोधताना जे कळलं, ते मला माझ्या बिघडलेल्या ऑसिलेटरनं शिकवलं नव्हतं. उलट पॉली-८०० उघडल्यावर त्या ऑसिलेटरचं काय चुकलं ते कळलं.

तो ऑसिलेटर मी ३३४० घालून पुन्हा करायला घेतलाय. टेबलावर अर्धवट पडलाय, डबा नाही, पट्ट्या तर नाहीतच. ट्यूनिंग तपासायचं असलं की पॉली-८०० च्या मिडीची (कोणती पट्टी दाबली ते दुसऱ्या यंत्राला कळवणारी जोडणी) तार एका छोट्या, त्याचं व्होल्टेज करणाऱ्या कन्व्हर्टरला लावतो, आणि त्याच्याच पट्ट्यांवर वाजवून बघतो.