ग्रेसी ॲलन ‘नुसती बोलायची’?

नमस्कार,

इतकी सविस्तर आणि इतकी चिडलेली प्रतिक्रिया बऱ्याच दिवसांनी आली, त्यामुळे उत्तरही जरा लांबणार. तुमचे मुख्य आक्षेप दोन. अमेरिकन विनोदी अभिनेत्री ग्रेसी ॲलनने जन्मभर बावळट बायकोचं सोंग वठवलं आणि मी ‘बाई असून’ माझ्या लेखात त्याचं कौतुक करत बसले, हा एक. आणि तिची वाक्यं पुरुष लिहून द्यायचे, ती नुसती बोलायची, मग थोर कसली, हा दुसरा.

दुसरा आधी घेते, कारण त्यात तथ्य आहे. ती आणि तिचा नवरा व विनोदातला जोडीदार जॉर्ज बर्न्स यांचा गाजलेला ‘लॅम्बचॉप्स’ हा प्रवेश अल बोसबर्गने लिहिलेला. १९२९ मध्ये त्याचा छोटा बोलपट निघाला, म्हणून आज तो बघता तरी येतो. बर्न्स विचारतो, एवढीशी तू, मटणाचे दोन मोठे चॉप एकटी खाशील? ती म्हणते, छे, एकटे कसे, बटाट्यांबरोबर. इंग्रजीत दोन्हीकडे ‘अलोन’ या एकाच शब्दावर भागतं. मराठीत ‘एकटी’ आणि ‘नुसते’ वेगळे पडतात आणि विनोद वाटेतच सांडतो. मी घरी वाचून दाखवला तेव्हा कुणी हूं की चूं केलं नाही. बोलपटात मात्र तिचा चेहरा बघा. आपण काही गमतीचं बोललो याची त्यावर पुसटशीही खूण नाही. उलट, इतकी साधी गोष्ट या माणसाला कळत कशी नाही, असा भाव. हे कुठला लेखक लिहून देणार?

जोडी जमली तेव्हा हशाची वाक्यं बर्न्सने स्वतःकडेच ठेवली होती, तिने फक्त साधे प्रश्न विचारायचे. लोक हसले ते प्रश्नांना. मग त्याने वाटणी उलटी केली. (हा किस्सा त्यानेच आयुष्यभर सांगितला आणि गडी किस्से रंगवण्यात पटाईत, तेव्हा त्यातलं तिखटमीठ वजा करून घ्या.) पण पुढचं तर जगजाहीर आहे. १९५८ मध्ये ती निवृत्त झाली. बर्न्सने दोघांच्या टीव्ही मालिकेतली बरीचशी तीच नटमंडळी घेऊन आपल्या एकट्याच्या नावाने मालिका काढली. एका हंगामात गुंडाळावी लागली. लिहिलेल्या वाक्यांवरच सगळं चालत असतं, तर ती चालायला हवी होती.

आता बावळटपणा. १९३३ मध्ये ती ‘हरवलेल्या भावाला’ शोधत रेडिओवर दुसऱ्यांच्याच कार्यक्रमांत मध्येच टपकायची. तिचा खरा भाऊ सॅन फ्रान्सिस्कोत हिशेबनीस होता, त्या बिचाऱ्याला या प्रसिद्धीपायी तोंड लपवायची वेळ आली. १९४० मध्ये तर ‘सरप्राइज पार्टी’ नावाच्या पक्षातर्फे ती राष्ट्राध्यक्षपदाला उभी राहिली, बोधचिन्ह कांगारू. सगळी गंमतच, पण गंमत नेमकी कुणाची? तिच्या डोक्यात एक चोख हिशेब असतो, तो तिच्यापुरता कधीच चुकत नाही. घाम फुटतो तो समोरच्याला. बावळट माणूस गोंधळतो. ही एकदाही गोंधळत नाही.

तरीही तुमची एक गोष्ट मान्य. ‘शहाणा नवरा, खुळी बायको’ हा साचा या जोडीने अधिक पक्का केला, आणि त्यांची नक्कल करणाऱ्यांकडे खुळेपणा तेवढा उरला, तो हिशेब नाही. माझ्या लेखात याबद्दल एक अक्षर नव्हतं, ते असायला हवं होतं.

आणि एक चूक तुम्ही अचूक पकडलीत. दोघं १९३२ पासून रेडिओवर नवरा-बायको म्हणून बोलत, असं मी लिहिलं होतं. लग्न १९२६ मधलं हे खरं, पण रेडिओवर ती कित्येक वर्षं बिनलग्नाचीच जोडी होती. वयाला ते थट्टेचे संवाद शोभेनासे झाले, श्रोते घटले, तेव्हा कुठे १९४० नंतर त्यांनी माइकसमोर संसार थाटला. लेखातलं ते वाक्य आज बदललं आहे.