भुताचं बजेट

"तीन नट, एक घर, एक कॅमेरा. एवढ्यात अजून काय करणार तो?" बाब्याने आल्या आल्या दिग्दर्शकाचं वकीलपत्र घेतलं.

सैतानाने झपाटल्याचा तो पिक्चर सगळ्यांनी आदल्या रात्रीच पाहिला होता, त्यामुळे गोष्ट सांगायची गरज नव्हती. तशी ती न पाहताही नव्हती. आई, मुलगी, जुनं घर, घराला तळघर. तळघरात जाऊ नका म्हणून बजावणारा म्हातारा मात्र नाही, कारण चौथा नट परवडला नसावा.

"बजेट कमी म्हणून सूट द्यायची," नंदा म्हणाली, "तर मग बजेट जास्त असलं की दंड करायचा का?"

"तसं नाही गं, पण परिस्थिती बघायला नको?"

"परिस्थितीचा राग नाहीच मला. खिशात दमडी नसताना श्रीमंतासारखं वागायला जातो ना, त्याचा आहे."

नंदा डबिंगच्या स्टुडिओत साउंड बघते. पिक्चर ती कानाने बघते आणि आम्ही डोळ्यांनी, त्यामुळे वादात ती नेहमी एक पाऊल पुढे असते. हे बाब्याला मान्य नाही. प्रोफेसरला तर आपल्यापुढे कुणी असू शकतं हेच मान्य नाही.

"मुळात," प्रोफेसर सुरू झाला, "सैतान हा सैतान नसतोच." (तो कुठेच प्रोफेसर नाही. 'मुळात'मुळे पडलेलं नाव आहे.)

"मग छतावरून रांगत काय आलं?"

"मातृत्वाचं दडपण."

"दडपणाला तार बांधली होती रे, मला चक्क दिसली," बाब्या म्हणाला. आपण कुणाच्या बाजूने भांडतोय हे तो क्षणभर विसरला होता.

त्या पिक्चरमध्ये एक जागा खरंच भारी आहे. मुलगी सुरुवातीपासून एकच ओळ गुणगुणत असते आणि दर वेळी तिसऱ्या सुरावर घसरते. आई हसते, चिडवते. मग एका रात्री आई कपड्यांच्या घड्या घालत बसलेली असताना आतल्या खोलीतून तीच ओळ येते. बिनचूक, सुरात. कॅमेरा हलत नाही, संगीत नाही. आईचे हात फक्त अर्ध्या घडीवर थांबतात.

"त्या सुराला किती खर्च आला असेल?" नंदाने विचारलं. "शून्य. मी उठून दिवा लावला. मग सैतान त्या घोगऱ्या आवाजात बोलायला लागला, आणि मी दिवा विझवून आडवी झाले."

यावर बाब्यालाही हसू आवरलं नाही.

प्रोफेसरने अपेक्षेप्रमाणे 'द एक्झॉर्सिस्ट' काढला. 1973 नंतर या प्रकारात काही उरलंच नाही, वगैरे. बाब्या उसळला, "अरे, त्यांनी बेडरूमचा अख्खा सेट थंड करून ठेवला होता, नटांच्या तोंडातून खरी वाफ यावी म्हणून. आमच्या माणसाकडे पंखा तरी होता का?"

"वाफेचं सोड," नंदा म्हणाली. "त्यातला बघवत नाही असा सीन कुठला? हॉस्पिटलमधला. पोरीच्या मानेत सुई घालून तपासणी करतात तो. तिथे सैतान नाही, मंत्र नाहीत, सगळे बिचारे मदतच करतायत. आणि आवाजाचं म्हणशील, तर मर्सिडीज मॅकेम्ब्रिज नावाच्या, रेडिओवर मुरलेल्या बाईने तो स्वतःच्या घशातून काढला. कच्ची अंडी गिळून, सिगारेटी ओढून. आपल्या सैतानाने काय केलं? कंप्युटरवर पट्टी खाली ओढली. ऐकताना कळतं, छातीतून येत नाही तो, मशीनमधून येतो."

"अंडी तरी परवडली असती," मी म्हटलं.

बाब्याने मग हुकमाचं पान टाकलं. 1981 चा 'द ईव्हिल डेड'. पोरांकडे पैसे नाहीत, यंत्रं नाहीत. लाकडी फळीवर कॅमेरा ठोकला, दोन्ही टोकांना दोघांनी धरला आणि जंगलातून धावत सुटले. "ते चालतं तुम्हाला! आमच्या माणसाने केलं की गरिबी दिसते!"

"अरे, तेच तर बोंबलून सांगतेय! त्या फळीमुळे झाडांतून काहीतरी धावत येतंय एवढंच दिसतं. काय ते शेवटपर्यंत दाखवत नाहीत. नड होती, तिची त्यांनी चाल केली. 'पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी' घे. दिग्दर्शकाचं स्वतःचं घर, 15,000 डॉलरच्या आसपास खर्च. बाई झोपेतून उठते आणि झोपलेल्या बॉयफ्रेंडकडे बघत पलंगाशेजारी उभी राहते. कोपऱ्यातलं घड्याळ भराभर पळतं, बाई तिथेच. तासन् तास. त्याला काय लागलं? उभी राहणारी बाई."

मला विचाराल तर मुद्दा इथेच मिटला होता. झपाटल्याचा पिक्चर मुळातच (लागण झाली मला) स्वस्तातला धंदा आहे, कारण भुताला वेगळा नट लागत नाही, ते असलेल्या नटातच राहायला येतं. म्हणून आधी तो माणूस आपल्या ओळखीचा व्हावा लागतो. आपली कोण हरवली हेच ठाऊक नसेल तर आत कोण शिरलं याच्याशी काय देणंघेणं? या पठ्ठ्याने पहिली चाळीस मिनिटं ती ओळख झकास करून दिली. पोरगीही गुणी. मग तिच्या तोंडावर एवढा रंग थापला की भुवई उचलली तरी पोपडा निघेल, आणि डोळ्यांत काळ्या लेन्स. अभिनय करायला जागा उरली ती फक्त कानांच्या पाळ्यांना.

त्यात तो मांत्रिक. पुस्तकातून असा वाचत होता की सैतानाचं थकलेलं वीजबिल वाचतोय. त्याचंही एक वेळ सोडा. जिने नुसत्या सुरावरून ही आपली पोर नव्हे हे ओळखलं, त्या आईच्या हातात शेवटी काय दिलं? टॉर्च. कोपऱ्यात उभी राहून उजेड दाखव म्हणे.

"टॉर्च म्हणजे ज्ञान," प्रोफेसर म्हणाला.

"टॉर्च म्हणजे लाइटमनचे पैसे वाचले," नंदा म्हणाली.

"पण पास की नापास, ते सांगा ना!" बाब्या रडकुंडीला आला होता.

"चाळीस मिनिटं पास, पुढच्या भागाला एटीकेटी. आणि तुला बजेटवाल्यांचा एवढा पुळका का येतो तेही माहितेय आम्हाला."

झालं. कॉलेजात बाब्याने काढलेली भुताची शॉर्टफिल्म निघाली. त्यात प्रोफेसर प्रेत होता आणि ऐन शोकाच्या प्रसंगी प्रेत शिंकलं. बाब्याने तो शॉट तसाच ठेवला.

"टेप संपली होती!"

"तो मुळात माझा निर्णय होता," प्रोफेसर गंभीरपणे म्हणाला. "देहाने मृत्यूला दिलेला नकार."

"नकार दिलास तो दिलास, वर 'सॉरी' कशाला म्हणालास?" नंदाला पुढचं बोलवेना. मी पोट धरून खाली बसलो. शिंकेनंतर विधवेची भूमिका करणाऱ्या मुलीने प्रेताला रुमाल दिला होता, हेही कुणाला तरी आठवलं आणि सैतान, सूर, बजेट सगळं वाहून गेलं.

बाब्या काही वेळ फुरंगटून बसला. मग म्हणाला, "हसा. पेनड्राइव्हवर आहे अजून माझ्याकडे. पुढच्या रविवारी लावू या का सगळे मिळून?"

प्रोफेसरला तेवढ्यात एक महत्त्वाचा फोन करायचा होता. नंदाची सकाळची शिफ्ट निघाली. मी चपला शोधत होतो.