पावतीपुस्तक संपलंय

जय ख्रिस्त. पोस्ट लांबलचक आहे. चहा ठेवून वाचा, नाहीतर रात्री वाचा.

दोन वर्षांपूर्वीचा रविवार. उपासना संपली, आशीर्वाद झाला, बायका चपला शोधत होत्या. मी सहाशे रुपये हातात घेऊन खजिनदारांच्या टेबलापाशी उभी. वार्षिक वर्गणी. ते मान वर न करता म्हणाले, "ताई, पावतीपुस्तक संपलंय. पुढच्या रविवारी." पुढच्या रविवारी ते लग्नाला गेले होते. त्याच्या पुढच्या रविवारी पुस्तक छापायला टाकलेलं होतं. चौथ्या रविवारी फलकावर वार्षिक सभेची नोटीस लागली आणि खाली बारीक अक्षरात एक ओळ : थकबाकीदार सभासदांना मतदानाचा अधिकार राहणार नाही.

मी तीस वर्षं बँकेत कारकुनी केली आहे. पावतीपुस्तक कधी संपतं आणि कधी संपवलं जातं हे मला कळतं.

मंडळीचं, म्हणजे आमच्या चर्चचं, नाव लिहिणार नाही. नगर जिल्ह्यातली, तालुक्याच्या गावची, दगडी भिंतींची, पत्रे नव्वद साली बदललेली. तुमच्यातल्या निम्म्यांना वाटेल की ही आपलीच मंडळी, आणि तेच माझं दुखणं आहे.

मंडळी म्हणजे काय असं विचारलं तर आपण पाठ केलेलं उत्तर देतो : ख्रिस्ताचं शरीर. खरंच आहे. पण त्या शरीराच्या नावावर सातबारा आहे, बँकेत खातं आहे, बालवाडीची इमारत आहे, वॉचमनचा पगार आहे. सरकारच्या दप्तरी ती एक संस्था आहे. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेली, आणि मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० म्हणजे ज्याला आता महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम म्हणतात, त्याखाली सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंदलेली. एफ नंबर, म्हणजे न्यासाचा नोंदणी क्रमांक, असलेली. या संस्थेला घटना असते. उद्देश काय, सभासद कोण, पंच म्हणजे कारभारी किती, सभा कधी, कोरम म्हणजे गणसंख्या किती, सह्या कोणाच्या, हे सगळं त्यात. आमच्या मंडळीत त्या घटनेबद्दल सगळे बोलायचे, "घटनेत तसंच आहे" असं ठामपणे सांगायचे. पाहिलेली मात्र कोणीच नव्हती.

मी मागितली. सचिव म्हणाले, कपाटात आहे. कपाटाची किल्ली माजी सचिवांकडे. माजी सचिव पुण्याला मुलाकडे. शेवटी मी आणि आणखी दोघी धर्मादाय कार्यालयात गेलो, अर्ज केला, नकलेची फी भरली, तीन हेलपाटे घातले आणि घटनेची प्रमाणित नक्कल घेऊन एसटीत बसलो. टंकलेखन केलेली, १९६२ ची, अकरा पानं. "ळ" जागेवर बसत नाही असं जुनं यंत्र असावं. घाट उतरेपर्यंत वाचून झाली.

पान तीन, सभासदत्व. मंडळीत बाप्तिस्मा झालेली, वयाची एकवीस वर्षं पूर्ण केलेली, प्रभुभोजनात भाग घेणारी "कोणतीही स्त्री अथवा पुरुष". वार्षिक वर्गणी रुपये तीन.

आम्ही तिघी एकमेकींकडे बघत राहिलो. आमच्याकडे गेली कित्येक वर्षं मत कुटुंबप्रमुखाला. म्हणजे नवऱ्याला, तो नसेल तर थोरल्या मुलाला. विधवा बाई असेल तर तिच्या दिराला विचारायचं. सगळे म्हणायचे, घटनेत तसंच आहे. घटनेत साठ वर्षांपासून माझं मत होतं. माझ्या सासूबाईंचंही होतं. त्या गेल्या, त्यांना कळलंच नाही.

आणि वर्गणी तीन रुपये! ती सहाशे कधी झाली? पंचांच्या कुठल्यातरी बैठकीत. घटनादुरुस्ती नाही, सर्वसाधारण सभेचा ठराव नाही. म्हणजे ज्या सहाशेच्या थकबाकीवरून अर्धी मंडळी यादीतून उडवली, ते सहाशे मुळात लागूच नव्हते.

आता हे का महत्त्वाचं ते सांगते. १८६० च्या कायद्यातलं कलम १५ सांगतं की संस्थेचा सभासद म्हणजे नियमांप्रमाणे दाखल झालेला, वर्गणी भरलेला किंवा नोंदवहीत सही केलेला माणूस, आणि ज्याची वर्गणी तीन महिन्यांपेक्षा जास्त थकली आहे त्याला मत नाही. कलम ठीक आहे. फुकटात मत मागायला येणाऱ्यांना आळा बसतो. पण जिथे पावतीपुस्तक एकाच माणसाच्या पिशवीत असतं, तिथे मंडळी त्याची होते. पंच निवडणारे कोण, हे तो ठरवतो. मग पंच त्याचे, पाळक (पाद्री) बोलावणारे त्याचे, महामार्गालगतच्या जागेबद्दल बोलणी करणारेही त्याचेच. आपण भांडतो पाळकसाहेबांवरून, गायनमंडळाच्या हार्मोनियमवरून, नाताळच्या मंडपावरून. निकाल कधीच लागून गेलेला असतो, यादी बनवताना.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. तुमच्या मंडळीची नियमावली नव्याने लिहायची वेळ आली, तर उद्देशाच्या परिच्छेदावर दोन महिने घालवू नका. "ख्रिस्ताच्या प्रीतीचा प्रसार" यावर कोणाचंच दुमत नाही. जीव ओता सभासदाच्या कलमात. यादी कोण करणार, कुठल्या तारखेला फलकावर लावणार, हरकत घ्यायला किती दिवस, हरकत ऐकणारा माणूस यादी करणाराच नको, वर्गणी बँक खात्यात थेट भरली तर बँकेची नोंद हीच पावती. शेवटचं वाक्य मी आमच्या नव्या घटनेच्या मसुद्यात स्वतःच्या हाताने घातलं आहे.

दुसरं कलम कोरमचं. ही नोटीस तुम्हाला पाठ असेल : "गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल व त्यास गणसंख्येची आवश्यकता राहणार नाही." सोय म्हणून लिहिलेलं वाक्य. आमच्याकडे सभा साडेअकराला असायची, उपासनेनंतर, घरी रविवारचं मटण शिजत असताना. बाराला तहकूब, साडेबाराला सात जणांनी वर्षाचा हिशोब मंजूर. इतिवृत्तात मात्र "सर्वानुमते". सर्व म्हणजे सात. हिशोब मंजूर करायला अशी सभा चालेल एक वेळ, पण जमीन, घटनादुरुस्ती आणि सभासद काढून टाकणं या तीन गोष्टी तहकूब सभेत होणार नाहीत, असं लिहून ठेवायला काय हरकत आहे? आमच्या समितीत या एका ओळीवर चार बैठका गेल्या. का गेल्या ते समजून घ्या.

यावर मला जे ऐकवण्यात आलं ते इथे लिहिते, कारण तुम्हालाही ऐकवतील. "ताई, हे जगिक आहे. मंडळी पवित्र आत्म्याने चालते, कलमांनी नाही." आणि दुसरं, पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र, सहावा अध्याय : भावाने भावावर फिर्याद करावी, तीही विश्वास न ठेवणाऱ्यांपुढे?

पहिल्याचं उत्तर प्रेषितांची कृत्ये, अध्याय सहा. यरुशलेमच्या मंडळीत रोजच्या वाटपात हेल्लेणी (ग्रीक बोलणाऱ्या) विधवांकडे दुर्लक्ष होतंय म्हणून कुरकुर झाली. प्रेषितांनी काय केलं? विधवांना प्रार्थना वाढवायला सांगितलं नाही. सगळ्या शिष्यांना बोलावलं, तुमच्यातलेच सात जण निवडा म्हणाले, लोकांनी निवडले, मग प्रेषितांनी हात ठेवले. सभा, निवडणूक, नेमणूक. (१८६० च्या कायद्यालाही संस्था स्थापायला कमीत कमी सातच माणसं लागतात. योगायोग आहे, पण मला आवडतो.)

दुसऱ्याचं उत्तर त्याच पौलाच्या दुसऱ्या पत्रात, आठव्या अध्यायात. यरुशलेमसाठी मोठी वर्गणी जमत होती. पौल स्वतः विश्वासू, तरी एकट्याने पैसे नेले नाहीत. मंडळ्यांनी निवडलेला एक बंधू सोबत घेतला आणि कारणही स्पष्ट लिहिलं : या रकमेवरून कोणी आम्हांला दोष लावू नये, आणि जे योग्य ते प्रभूच्याच नव्हे तर माणसांच्याही नजरेत योग्य असावं. दोन सह्यांचा चेक याहून वेगळा काय आहे?

आमच्या हंगामाच्या सणाचंच घ्या. कोणी दुधी आणतं, कोणी कोंबडी, कोणी बाजरीचं पोतं. उपासनेनंतर लिलाव. गेल्या वर्षी एक भोपळा पाचशेला गेला, घेणाऱ्याने परत अर्पण केला, मग तीनशेला गेला, त्यानेही परत दिला, शेवटी दीडशेला माझ्या भाच्याने घरी नेला. एका भोपळ्याचे साडेनऊशे, आनंदाचे. पण लिहिणारा एक, पैसे घेणारा तोच, आणि वहीत त्या दिवशीचा आकडा एकरकमी : "लिलाव जमा". चोरी झाली असं मी म्हणत नाही. झाली नाही हे दाखवायला त्या माणसाकडेही काही नाही, असं म्हणते. नियम त्यालाही वाचवतो.

आणि कोर्टाचं म्हणाल, तर कोर्ट आपल्याकडे आपण न बोलावताही येतं. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला उत्तर भारतातल्या सहा पंथांच्या मंडळ्या एक झाल्या, चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. मोठा दिवस. त्या सहांत ब्रदरन मंडळीही होती. गुजरातेत त्यांची फर्स्ट डिस्ट्रिक्ट चर्च ऑफ द ब्रदरन ही संस्था आपल्याच १८६० आणि १९५० च्या कायद्यांखाली नोंदलेली होती. ऐक्याचे ठराव झाले, पण संस्था विसर्जित करण्याची १८६० च्या कायद्यातली कलम १३ ची रीत पाळली गेली नाही. वाद चालत राहिला, आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नुसत्या ठरावांनी ती संस्था संपली नाही आणि मिळकतही नव्या मंडळीकडे गेली नाही. ऐक्य मनापासून झालं असेल. मालकीला कागद लागतो.

कॅथलिक मैत्रीण आहे माझी, वसईची. ती हसते आमच्या भांडणांना. त्यांच्याकडे १९८३ ची धर्मसंहिता आहे, पॅरिशचा, म्हणजे गावच्या चर्चचा, कारभार फादरकडे, पॅरिश कौन्सिल फक्त सल्ला देणार, अर्थसमिती मात्र असलीच पाहिजे. तिला मतदारयादी नाही, म्हणून तिच्या यादीचं भांडणही नाही. आम्हांला मत आहे. १८३१ ला नगरला आलेल्या अमेरिकन मराठी मिशनने आमच्या भागात जी परंपरा रुजवली तिचं सगळं बळ यात होतं की मंडळी आपला कारभार आपण करते, वरून कोणी बिशप हुकूम देत नाही. तो अधिकार आपण कपाटात ठेवला आणि किल्ली पुण्याला पाठवली.

मधल्या भानगडी थोडक्यात. बँकेने शेड्यूल वनचा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या न्यासाच्या नोंदीचा, उतारा मागितला. त्यात विश्वस्त म्हणून पाच नावं निघाली. तीन दफनभूमीत, एक पुण्याला, एक अंथरुणाला खिळलेले. निवडणुका होत होत्या, पण कलम २२ प्रमाणे नव्वद दिवसांत द्यायचा चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त बदलल्याची खबर, कोणी दिलाच नव्हता. म्हणजे इतकी वर्षं बाकावर पुढे बसणारे पंच सरकारी दप्तरात कुठेच नव्हते. हे कळल्यावर मात्र सगळ्यांचा आवाज एकदम खाली आला. महामार्गाच्या जागेची बोलणीही थांबली. न्यासाची स्थावर मिळकत धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही, कलम ३६, आणि परवानगी मागायला सही कोणाची? दिवंगतांची?

त्यानंतर नवी घटना लिहायला पाच जणांची समिती नेमली. दोन जुने पंच, एक तरुण संघाचा मुलगा, स्त्री मंडळाची अध्यक्ष आणि मी. पाळकसाहेबांनी स्वतःहून अध्यक्षपद नाकारलं, याचं मला कौतुक आहे. ते म्हणाले, "माझा पगार ज्या सभेत ठरतो तिथे खुर्चीवर मी कसा बसू?" आधीच्या कोणी हा प्रश्न स्वतःला विचारला नव्हता. मसुद्यात आता ते वाक्य आहे : पगारावर आणि नेमणुकीवर चर्चा असेल तेव्हा पाळक सभेत नसतील. उपासना, प्रभुभोजन, शिक्षण यात मात्र पंचांनी नाक खुपसायचं नाही, हेही आहे.

सभासद काढून टाकायचं कलम मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या अठराव्या अध्यायाप्रमाणे लिहिलं. आधी एकट्याने भेटा, मग दोघा-तिघांना घेऊन, मग मंडळीपुढे. त्यात आम्ही लेखी नोटीस आणि एकवीस दिवस घातले. जुन्या पंचांपैकी एक जण म्हणाले, येशूने दिवस सांगितले नव्हते. तरुण संघाचा मुलगा म्हणाला, काका, येशूने पावतीपुस्तकही सांगितलं नव्हतं. त्या दिवशीची बैठक तिथेच संपली.

नवी घटना अजून मंजूर नाही. पुढच्या महिन्यात सभा आहे. तोवर जुनीच चालू, म्हणून जुन्या घटनेप्रमाणे यादी केली. तीन रुपये वर्गणी, स्त्री अथवा पुरुष. लोक हसत हसत तीन रुपये देत होते, काही जणांनी पाचचं नाणं दिलं आणि दोन रुपये परत मागितले. मागच्या रविवारी यादी फलकावर लावली, हरकतींना पंधरा दिवस.

आमच्या शेजारच्या मावशी एक्क्याऐंशीच्या आहेत. काठी टेकत फलकापाशी आल्या, चष्मा पदराने पुसला आणि यादीवरून बोट फिरवत खाली खाली गेल्या. नाव सापडलं तसं बोट थांबलं. बराच वेळ तिथेच होतं. मला वाटलं, डोळे भरून आले असतील.

"अगं," म्हणाल्या, "आडनाव माहेरचं लागलंय. हरकतीचा अर्ज कुणाकडे द्यायचा?"