एनआरव्ही लावला की पूर येत नाही? सम्पच्या एका फिरत्या सल्ल्याचा प्रतिवाद

घरच्या फिशटँकला सम्प, म्हणजे खाली ठेवलेली गाळणीची दुसरी टाकी, जोडणाऱ्यांमध्ये एक सल्ला कायम फिरत असतो. त्याचा गोषवारा असा: रिटर्न लाइनला (सम्पमधल्या पंपाचं पाणी वर नेणाऱ्या पाइपला) एनआरव्ही (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) टाका, मग लाइट गेली तरी वरचं पाणी खाली येत नाही. पंप ताशी टाकीच्या दहापट पाण्याचा घ्या. पंप जास्त पाणी चढवत असेल तर उतरत्या पाइपला बॉल व्हॉल्व्ह लावून दोन्ही जुळवा. पंपाच्या लाइनला मात्र व्हॉल्व्ह नको, मोटर जळते. आणि उतरत्या पाइपसाठी काचेला भोक पाडायचं जिवावर येत असेल तर काठावरून पाणी बाहेर ओढणारा यू पाइप आहेच.

पाच वाक्यं, आणि पाचही वाक्यांवर भरवसा ठेवला तर फरशीवर पाणी ठरलेलं. यात अगदीच खोटं असं थोडं आहे. घोळ असा की पाणी कुठे थांबणार हे पाइपच्या उंचीने ठरवायचं सोडून, हलणाऱ्या किंवा अडकू शकणाऱ्या एखाद्या भागावर सोपवलं आहे.

हिशेबासाठी नेहमीच्या मापाची टाकी घेऊ: ४ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. काठोकाठ २५५ लिटर. हिच्यात १ इंच पाणी म्हणजे १४ लिटर, १ सेंटिमीटर म्हणजे साडेपाच. खाली ३० × १२ × १५ इंचांचा सम्प. त्यात १ इंच म्हणजे ५.९ लिटर. कप्पे पाडणाऱ्या मधल्या काचा ९ इंच उंच, शेवटचा पंपाचा कप्पा ८ इंच रुंद आणि चालू स्थितीत त्यात ७ इंच पाणी. म्हणजे सम्पमध्ये चालू असताना सुमारे ५० लिटर पाणी, आणि काठापर्यंत ३८ लिटरची जागा रिकामी. हा ३८ चा आकडा पुढे लागणार आहे.

‘एनआरव्ही असला की पाणी उतरत नाही’

लाइट गेली की दोन वाटांनी पाणी खाली येतं. एक, ओव्हरफ्लोच्या कंगव्यावरून (उतरता पाइप ज्या डब्यात असतो त्याच्या दातेरी काठावरून) वाहणारा पाण्याचा थर. तो कंगव्याच्या काठापर्यंत उतरतो आणि थांबतो. त्याला एनआरव्ही काहीच करत नाही, कारण ती वाट वेगळी. दुसरी, रिटर्न पाइप. त्याचं तोंड पाण्याखाली असेल तर बंद पंपातून उलटा सायफन सुरू होतो. चुंबकी रोटरचा पंप बंद पडला की उलटं पाणी अडवत नाही, आरामात वाहू देतो. तोंड उघडं पडून हवा शिरेपर्यंत टाकी उतरत राहते.

आता रिटर्नचं तोंड ५ इंच खोल आहे असं धरा. ‘पाण्यात बुडालेलं असलं की आवाज येत नाही’ म्हणून बरेच जण असंच ठेवतात. ५ इंच गुणिले १४, म्हणजे ७० लिटर खाली येणार. जागा ३८ ची. तीसेक लिटर फरशीवर. तेच तोंड पृष्ठभागाच्या जेमतेम अर्धा इंच खाली ठेवलं तर ७ लिटर येतात, ओव्हरफ्लोच्या डब्यातलं आणि पाइपांतलं दोन-तीन लिटर धरा, झाले १०. सम्प ढिम्म हलत नाही. फरक एका एल्बोच्या उंचीचा आहे, आणि त्याला खर्च शून्य.

एनआरव्ही हा फरक भरून काढेल का? नवा असताना, हो. पण झडपेची बैठक स्वच्छ असली तरच तो बंद होतो. शेवाळाचा पातळ थर, वाळूचा कण, पाइपमध्ये वाढलेली बोटाच्या नखाएवढी गोगलगाय, खाऱ्या पाण्यात चुन्याचा थर, यातलं काहीही झडपेखाली आलं की ती अर्धवट उघडी राहते. चालू पंपात हे कळत नाही. कळतं ते रात्री लाइट गेल्यावर. बसवतानाही चुका होतात. साधी फ्लॅपची झडप आडव्या लाइनवर किंवा वर चढणाऱ्या उभ्या लाइनवरच काम करते, आणि तिच्या दोन्ही बाजूंना युनियन (आट्यांनी उघडता येणारा जोड) नसेल तर साफ करायला पाइप कापावा लागतो. स्प्रिंगवाली झडप कोणत्याही दिशेने चालते, पण स्प्रिंग ढकलण्यात छोट्या पंपाचा बराच जोर जातो.

आणखी एक. हार्डवेअरच्या दुकानात एनआरव्ही मागितला की बहुतेक वेळा पितळेचा हातात पडतो. पितळेत तांबं असतं. ते कोळंबी, गोगलगायी आणि प्रवाळांना मारक आहे. जस्तही तसंच मारक, म्हणून त्याचा मुलामा दिलेले जीआयचे (लोखंडी) निपलही नकोत. लाइनमध्ये पाण्याला लागणारं सगळं प्लास्टिकच हवं.

काहीजण एनआरव्हीऐवजी रिटर्न पाइपला पृष्ठभागाच्या किंचित खाली ४-५ मिलिमीटरचं भोक पाडतात, हवा शिरून सायफन तुटावा म्हणून. पद्धत चांगली, पण शेवाळ तेही बुजवतं. दोन भोकं पाडा, टूथपिकने महिन्याला मोकळी करा, आणि तरीही मुख्य भरवसा तोंडाच्या उंचीवर ठेवा. एनआरव्ही हौसेने लावायचा तर लावा. फक्त हिशेब तो नाही असं धरून करा.

चाचणीही तशीच हवी. मासे सोडण्याआधी झडप काढून ठेवा आणि सगळं चालू करा. पाणी स्थिरावलं की मेन बंद करा आणि दहा मिनिटं थांबा. सम्पची पातळी काठापासून निदान दीड-दोन इंच खाली थांबली पाहिजे. वर गेली तर तेवढं पाणी काढा. मग पंप पुन्हा चालू करून पंपाच्या कप्प्यावर मार्करने रेघ मारा. ही कमाल रेघ. बाष्पीभवनाने घटलेलं पाणी फक्त याच कप्प्यात दिसतं, कारण बाकीच्या पातळ्या काचा आणि कंगवा धरून ठेवतात. उन्हाळ्यात तिथे पाणी तळाला गेलेलं दिसलं की घरातलं कुणीतरी मायेने बादली ओततं आणि रेघेच्या वर भरतं. झडप कितीही उत्तम असली तरी ते जादा पाणी सम्पमध्येच असतं. लाइट गेली की वरून येणारं त्यात मिळतं.

‘उतरत्या पाइपला बॉल व्हॉल्व्ह लावून पंपाशी जुळवा’

सल्ल्यातला हा सगळ्यात घातक भाग, म्हणून थोडा खोलात.

एकच उतरता पाइप, त्यावर व्हॉल्व्ह, आणि तो पंपाशी तंतोतंत जुळवलेला. पाइप पूर्ण भरून वाहतो, हवा नाही, आवाज नाही. छान वाटतं. पण भरून वाहणाऱ्या पाइपमधला प्रवाह उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. ओव्हरफ्लोच्या डब्यातली पातळी आणि सम्पची पातळी यांत ३ फुटांचं अंतर आहे असं समजा. पंप धुतला, आतलं शेवाळ निघालं, आणि तो १० टक्के जास्त पाणी द्यायला लागला. तेवढं जादा पाणी त्याच पाइपमधून उतरवायला उंची २१ टक्के वाढायला हवी, म्हणजे साडेसात इंच. डब्यात साडेसात इंच वर जायला जागा असते का? नसते. मग पातळी काठ ओलांडते. उलट प्रवाह घटला तर पाइप हवा ओढतो आणि घशात गुळण्या केल्यासारखा आवाज करतो. शिवाय अर्धवट मिटलेल्या बॉल व्हॉल्व्हच्या फटीत एखादं वॅलिस्नेरियाचं पान अडकायला वेळ लागत नाही.

भरून वाहणारा शांत पाइप हवाच असेल तर दोन पाइप लावा. ही ‘हर्बी’ पद्धत. पहिल्यावर गेट व्हॉल्व्ह (अनेक फेऱ्यांनी हळूहळू मिटणारा), बॉल नव्हे. बॉल व्हॉल्व्ह पाव फेऱ्यात उघडमीट होतो, त्यात बारीक जुळवणी जमत नाही. दुसरा पाइप पहिल्याहून उंच, कोरडा, विनाव्हॉल्व्ह, आणि पंपाचं सगळं पाणी एकटा उतरवेल एवढ्या व्यासाचा. पहिल्याचं खालचं टोक सम्पच्या पाण्यात इंचभरच बुडवा. जास्त बुडवलं तर पंप सुरू होताना पाइपमधली हवा बाहेर पडत नाही आणि सायफन धरत नाही. दुसऱ्याचं टोक पाण्याच्या वर ठेवा, म्हणजे त्यातून पाणी पडायला लागलं की आवाजाने कळेल. तीन पाइपांची ‘बीन अ‍ॅनिमल’ पद्धत याहून निर्धोक, पण डब्यात तीन भोकांना जागा लागते.

एकच पाइप शक्य असेल तर ‘डर्सो’ करा: वरच्या टोकाला खाली वळलेला बेंड आणि टोपीवर हवेचं छोटं भोक. व्हॉल्व्ह अजिबात नको. १ इंची पाइपमधून ताशी हजार-बाराशे लिटर निवांत उतरतात. कुठेही व्यास कमी करू नका, ९० अंशांच्या एका एल्बोऐवजी ४५ चे दोन वापरा, आणि आडवा पाइप असेल तर त्याला उतार द्या.

पाइप तुंबलाच तर काय, हाही हिशेब आधी करून ठेवायचा. आपल्या सम्पमध्ये पंपाच्या कप्प्यात ११ लिटर पाणी आहे. पंप हवा ओढायला लागेपर्यंत त्यातलं ८ लिटर वर जाईल. टाकीत ते अर्ध्या इंचाहून थोडं जास्त. चालू पातळीच्या वर काठापर्यंत १ इंच मोकळा ठेवला की निभावलं. मधल्या काचा बाकीचं पाणी अडवतात म्हणून हे जमतं. काचांऐवजी नुसता प्लास्टिकचा टब सम्प म्हणून ठेवला असेल तर पंप टबातलं जवळजवळ सगळं पाणी वर चढवेल.

‘पंप टाकीच्या दहापट’

खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो. ताशी ३००० लिटर आणि कमाल उंची २.८ मीटर असं लिहिलेला पंप १.४ मीटर उंचीवर ढोबळमानाने निम्मं देतो, एल्बो-बेंडांनी आणखी थोडं जातं. तेव्हा दहापट म्हणजे खोक्यावर की टाकीत, हे सल्ला सांगतच नाही. मोजायचं सोपं आहे: रिटर्नचं तोंड १० लिटरच्या बादलीत धरा आणि वेळ लावा. ३० सेकंदांत भरली तर ताशी १२०० लिटर.

गोड्या पाण्याच्या टाकीला सम्पमधून तासाला चार ते सहा फेऱ्या भरपूर झाल्या. आपल्या टाकीला म्हणजे हजार ते चौदाशे लिटर. प्रवाळांना जास्त हालचाल लागते हे खरं, पण ती टाकीतल्या वेव्हमेकरने (पाणी ढवळणाऱ्या छोट्या पंपाने) द्यायची, सगळं पाणी सम्पमधून फिरवून नव्हे. मोठ्या पंपाने सम्पमध्ये बारीक बुडबुडे माजतात, ते टाकीत येतात. आणि लाइट गेल्यावर उतरणारं पाणीही वाढतं. ३० सेंटिमीटरच्या कंगव्यात निम्म्या जागी दात असतील तर १२०० लिटरला त्यावर सुमारे १.१ सेंटिमीटर थर राहतो, ३००० लिटरला २.१. म्हणजे ६ लिटरऐवजी जवळजवळ १२. बिलाचं म्हणाल तर २५ वॉटचा पंप महिन्याला १८ युनिट खातो, ६० वॉटचा ४३.

‘पंपाला व्हॉल्व्ह लावला तर मोटर जळते’

नेमकं उलटं. या पंपांच्या बाहेर जाणाऱ्या लाइनवर व्हॉल्व्ह थोडा मिटला तर पाणी कमी ढकललं जातं आणि मोटरवरचा भारही कमी होतो. प्रवाह कमी करायची हीच योग्य जागा. पूर्ण मिटून तासन्‌तास ठेवू नका, आत अडकलेलं पाणी तापतं. आणि ओढणाऱ्या बाजूला व्हॉल्व्ह, दाट जाळी किंवा भरलेला स्पंज नको. तिथे पाणी कमी पडलं की पंप खरखरतो आणि लवकर झिजतो.

‘भोक नको असेल तर यू पाइप’

यू पाइपच्या माथ्यावर हळूहळू हवा साठते. ती पुरेशी साठली की सायफन तुटतो, पंप चालूच राहतो, आणि पंपाच्या कप्प्यातलं पाणी वर जातं. लाइट येताना सायफन परत धरेल याचीही खात्री नाही. लावायचाच असेल तर दोन लावा आणि वरचा १ इंच मोकळा ठेवा.

भोक पाडणं त्यापेक्षा सोपं आहे, फक्त काच टफन्ड नसावी. टफन्ड काचेला डायमंड बिट लागताच तिचा चुरा होतो. नवी टाकी बनवून घेत असाल तर काचवाल्याकडूनच भोक पाडून घ्या, पण आधी टँक कनेक्टर (भोकात बसणारा पाइपचा जोड) हातात घ्या आणि त्याच्या आट्यांचा बाहेरचा व्यास मोजून सांगा. १ इंची म्हटला तरी भोक ४० मिलिमीटरच्या पुढे जातं आणि कंपनीगणिक बदलतं. काचेच्या कडेपासून भोकाच्या कडेपर्यंत निदान भोकाच्या व्यासाएवढं अंतर ठेवा. रबरी वॉशर कॉलरच्या बाजूला, पाण्यात. नटाखाली नाही. सिलिकॉन लावू नका. हाताने आवळा, वर पाव फेरा, बस. तरीही ओघळ येत असेल तर आणखी पिळू नका, काच तडकेल. पाणी उतरवा, नट सोडा आणि वॉशरखाली वाळूचा कण अडकलाय का ते बघा.